शब्द सुटे झाले तेव्हा : अलेक्सांदर व्हात आणि त्याचे शतक

अलेक्सांदर व्हात या पोलिश कवीचे चरित्र सहसा तीन वेगळ्या माणसांची गोष्ट असल्यासारखे सांगितले जाते. पहिला, १९१९ साली वॉर्सात भाषेची मोडतोड करत सुटलेला अठरा-एकोणीस वर्षांचा बंडखोर. दुसरा, १९२९ साली साम्यवादी मासिकाची धुरा उचलणारा शिस्तीचा संपादक. तिसरा, सोव्हिएत तुरुंगांतून श्रद्धावान होऊन बाहेर पडलेला आणि उरलेले आयुष्य शारीरिक वेदनेत काढणारा पश्चात्तापी. अशी विभागणी सोयीची असते, कारण मग ज्याला जो व्हात हवा तो उचलता येतो. काव्याच्या अभ्यासकाला पहिला पुरतो आणि इतिहासकाराला तिसरा. दुसऱ्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पण व्हातचे लेखन सलग वाचले तर या तीन माणसांच्या आत एकच प्रश्न सतत धुमसताना दिसतो. शब्दांपासून त्यांचा अर्थ हिरावून घेतला तर त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसते? तरुणपणी त्याने ही जागा स्वतःच्या हाताने रिकामी केली. मग तिथे कोण आले ते त्याने पाहिले, त्याची शिक्षा भोगली आणि म्हातारपणी कवितेतच त्याचा हिशेब मांडला. त्याच्या आयुष्याचा हा क्रम समजून घेतला तर विसाव्या शतकातल्या मध्य युरोपच्या साहित्यावर काय गुदरले याचाही बराच उलगडा होतो.

व्हातचा जन्म १ मे १९०० रोजी वॉर्साच्या एका ज्यू घरात झाला. मूळ आडनाव ख्वात, ‘व्हात’ हे त्याने लेखनासाठी घेतलेले रूप. वडील धर्मग्रंथांत मुरलेले, कब्बाला या ज्यू गूढपरंपरेचे जाणकार. त्यांची मुले मात्र पोलिश भाषेत आणि पोलिश संस्कृतीत वाढली. बहीण सेवेरिना ब्रोनिशुव्ना पुढे पोलिश रंगभूमीवरची नामवंत अभिनेत्री झाली. घरात कॅथलिक दाई होती आणि ती लहानग्या अलेक्सांदरला चर्चमध्ये घेऊन जाई. सारांश, यहुदी परंपरा, ख्रिस्ती प्रार्थना आणि युरोपीय तत्त्वज्ञान हे सगळे त्याने बालपणापासून एकाच घरात पाहिले. यांतले काहीही त्याला वारशाने आपसूक मिळालेले नव्हते, प्रत्येकाशी त्याला स्वतःचे नाते ठरवावे लागणार होते. वॉर्सा विद्यापीठात तो तत्त्वज्ञान शिकायला गेला, आणि त्याच सुमारास त्याच्या देशाचाही नवा जन्म झाला.

पोलंडचे राज्य १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेऊन नकाशावरून पुसले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. मधल्या १२३ वर्षांत राष्ट्राचे ओझे कवितेने वाहिले होते. कवी म्हणजे द्रष्टा, हुतात्मा, राष्ट्राचा पुरोहित. स्वातंत्र्य येताच हे ओझे उतरवायला नवी पिढी उतावीळ झाली. स्कामान्देर गटातल्या युलियान तुविम, आन्तोनी स्वोनिम्स्की वगैरे कवींनी ते हसतखेळत उतरवले. रस्ता, ट्राम, प्रेम, वसंत यांवर ते उत्तम छंदोबद्ध कविता लिहू लागले. व्हात आणि त्याचा मित्र आनातोल स्टर्न यांना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांच्या मते विषय बदलून भागणार नव्हते, कारण पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ज्या भाषेने तरुणांना मरायला पाठवले ती सबंध भाषाच खोटी ठरली होती. १९१९ च्या आरंभी या दोघांनी वॉर्सात पहिला भविष्यवादी (फ्युचरिस्ट) कार्यक्रम केला आणि सभ्य रसिकांना हादरवून सोडले.

त्याच वर्षी जानेवारीत, अंगात सडकून ताप असताना, व्हातने काही दिवसांत एक विलक्षण मजकूर लिहून काढला. मुखपृष्ठावर १९२० साल असलेल्या या छोट्या पुस्तकाचे लांबलचक नाव एका शेगडीभोवती फिरते. शेगडीच्या एका बाजूला ‘मी’ आणि दुसऱ्या बाजूलाही ‘मी’. गद्य की पद्य हे ठरवता येऊ नये असे ते लेखन आहे. धर्मग्रंथ, फ्रेंच प्रतीकवाद, कामवासना, स्वप्ने आणि निखळ बडबड यांचा त्यात लोट वाहतो. पुढे युरोपात अतिवास्तववादाच्या नावाने जे ओळखले गेले त्याच्या आधीच ते लिहिले गेले, याचे व्हातला नंतर कौतुकही वाटे आणि भयही. पाठोपाठ त्याने पोलिश धातू आणि प्रत्यय सुटे करून नवे, अर्थहीन पण कानाला झपाटणारे शब्द जुळवले आणि त्यांच्या कविता केल्या. १९२१ मध्ये त्याच्यासह भविष्यवाद्यांनी ‘पोटात सुरा’ अशा अर्थाचे एक पत्रक काढले. त्यात शुद्धलेखनाचे सगळे नियम धुडकावून बोलावे तसे लिहिले होते. ते जप्त झाले. हे सारे पोरकट वाटू शकते आणि काही अंशी ते तसे होतेही. पण त्यामागची भूमिका गंभीर होती. शब्द म्हणजे एक वस्तू आहे, त्याने कुणाचीही चाकरी करू नये, राष्ट्राची नाही, धर्माची नाही आणि अर्थाचीही नाही, असे ही मुले मनापासून मानत होती.

या मोकळेपणाची किंमत दिसू लागली ती १९२७ सालच्या ‘बेकार ल्युसिफर’ या कथासंग्रहात. शीर्षककथेत सैतान आधुनिक युरोपात नोकरी शोधत हिंडतो. पण धर्म, राजकारण, वृत्तपत्रे, विज्ञान ही सारी क्षेत्रे त्याचे काम त्याच्याहून सफाईने करतात, म्हणून त्याला कुठेच जागा मिळत नाही. शेवटी तो सिनेमात शिरतो आणि चार्ली चॅप्लिन होतो. दुसऱ्या एका कथेत ज्यू कॅथलिक चर्चचे प्रमुख बनतात, तर ज्यूद्वेष्टे ज्यू धर्म स्वीकारतात. एकेक श्रद्धा घ्यायची, तर्काच्या टोकाला नेऊन उलटी करायची आणि ती पोकळ निघाल्याचे दाखवायचे, ही या पुस्तकाची रीत आहे. सत्तावीस वर्षांच्या लेखकाने सगळी दारे अशी एकामागून एक बंद केली, पण या शून्यात तो स्वतः कसा राहणार होता? पुढे चाळीस वर्षांनी बोलताना व्हातने स्वतःच्या साम्यवादाचे मूळ इथेच दाखवले. सगळ्याला नकार दिल्यावर जगणे असह्य झाले, आणि त्या नकाराला सगळ्याचे एकच उत्तर देणारी एकच गोष्ट तेव्हा बाजारात होती, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

बाहेरची कारणे अर्थातच होती, ती कमी लेखता येणार नाहीत. मे १९२६ मध्ये मार्शल पिवसूद्स्कीने पोलंडमध्ये लष्कराच्या बळावर सत्ता घेतली. १९२९ नंतर महामंदीने पोलंडचे कारखाने आणि शेते दोन्ही बसवली. ज्यूद्वेष वाढत होता. रशियन क्रांतीचा कवी मायकोव्हस्की १९२७ मध्ये वॉर्सात आला तेव्हा त्याच्याशी व्हातची ओळख झाली, आणि क्रांती व कविता एकाच माणसात राहू शकतात याचा जिवंत पुरावाच त्याला मिळाला. त्याच वर्षी व्हातचे ओलाशी लग्न झाले. डिसेंबर १९२९ पासून तो साम्यवादी साहित्यिक मासिकाचा संपादक झाला. ‘मिएसेन्च्निक लितेरात्स्की’ या नावाचे हे मासिक ऑगस्ट १९३१ पर्यंत चालले. वीसच अंक निघाले, पण पोलिश बुद्धिजीवींवर त्यांचा प्रभाव त्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. त्यात कवी ब्रोन्येव्स्की आणि स्टान्डे होते, समीक्षक स्टावार होता. कामगारांनी स्वतः लिहिलेली वार्तापत्रे छापून या मासिकाने पोलिश पत्रकारितेत नवी वाट पाडली, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. सप्टेंबर १९३१ मध्ये पोलिसांनी संपादक मंडळाला अटक केली आणि व्हातने काही महिने वॉर्साच्या तुरुंगात काढले. पोलिश तुरुंगाचा हा अनुभव तुलनेने सौम्य होता, तो किती सौम्य होता हे त्याला नऊ वर्षांनी कळायचे होते.

इथे एक पुरावा मला निर्णायक वाटतो. १९३० साली याच मासिकात व्हातने भविष्यवादाच्या आठवणी लिहिल्या आणि त्यांत आपल्याच तारुण्याला वर्गसंघर्षाच्या मापाने तोलून निकालात काढले. म्हणजे ज्याने शब्दाला सर्व चाकरीतून मुक्त केले होते, त्यानेच दहा वर्षांनी ती मुक्ती बूर्झ्वा चैन म्हणून फेटाळली. दुसरीही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. साम्यवादाच्या या वर्षांत त्याने कविता जवळजवळ लिहिल्याच नाहीत. लेख लिहिले, संपादन केले, चळवळीसाठी धावपळ केली, पण क्रांतीचे गीत एकही रचले नाही. त्याने पक्षाचे सभासदत्वही रीतसर घेतलेले नव्हते. विचाराने तो पूर्णपणे त्या बाजूला होता, लेखणी मात्र तिकडे जायला तयार झाली नाही. कवीचे मौन हे अनेकदा त्याच्या मतांपेक्षा अधिक खरे बोलते, आणि व्हातच्या बाबतीत ते निश्चितच तसे होते. पुढे त्याने या मासिकाचे अंक म्हणजे आपल्या अधःपतनाचा पुरावा असे मानले आणि त्या काळासाठी स्वतःला कधीच माफ केले नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. भाषेशी खेळणाऱ्यांनाच हुकूमशाही गिळते असे असेल, तर बाकीच्या भविष्यवाद्यांचे काय? स्टर्न साम्यवादाचा प्रवक्ता झाला नाही. स्तानिस्वाव म्वोदोजेन्येत्स खेड्याच्या, शेतकऱ्याच्या कवितेकडे वळला. इटलीत भविष्यवादाचा प्रवर्तक मारिनेत्ती फॅसिझमच्या मांडवात जाऊन बसला. उलट ब्रोन्येव्स्की भाषेची मोडतोड कधीच न करता, पारंपरिक छंदातच क्रांतीची गाणी लिहीत होता. म्हणजे प्रयोगशील कविता आणि राजकीय अंधश्रद्धा यांत कार्यकारणाचा धागा नाही. हे खरेच आहे, आणि व्हातनेही तसा नियम कुठे मांडला नाही. त्याचा दावा यापेक्षा लहान आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह आहे. नकारामुळे साम्यवाद अटळ झाला असे तो म्हणत नाही. आपण सर्व शब्दांवरचा विश्वास स्वतःहून उडवल्यामुळे, एका बलदंड शब्दसंग्रहाने दार ठोठावले तेव्हा त्याची पारख करायला आपल्याजवळ काहीच उरले नव्हते, अशी त्याची कबुली आहे. हा नियम सर्वांना लागू होत नाही. तो एका माणसाच्या आतल्या घटनांचा क्रम आहे, आणि १९२७ ची कथा व १९३० चा लेख शेजारी ठेवले तर तो क्रम कागदावरही दिसतो.

१९३० च्या दशकात सोव्हिएत संघातून बातम्या येत राहिल्या. ब्रुनो यासेन्स्की हा भविष्यवादी सहकारी ‘मी पॅरिस जाळतो’ ही कादंबरी लिहिल्यावर फ्रान्समधून हाकलला गेला आणि सोव्हिएत संघात सन्मानाने स्थिरावला. १९३७ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. स्टान्डे, वान्दुर्स्की आणि आणखी कितीतरी पोलिश साम्यवादी लेखक तिकडे असेच संपले. १९३८ मध्ये कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेने पोलंडचा कम्युनिस्ट पक्षच बरखास्त केला, त्याचे नेते तोवर मॉस्कोत मारले गेले होते. तिथे जाण्याचा मोह व्हातलाही पडला असता तर ही कथा इथेच संपली असती. तो वॉर्सात राहिला, एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत साहित्य विभाग सांभाळत राहिला आणि चळवळीपासून हळूहळू दूर झाला. दूर झाला, पण तोडून बोलला नाही. हे अर्धवट मौन त्याच्या पिढीतल्या अनेकांचे होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरचे आणि पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य चालून आले. व्हात बायको आणि आठ वर्षांचा मुलगा आन्द्झेय यांच्यासह पूर्वेकडे निघाला, वाटेत त्यांची ताटातूट झाली आणि सोव्हिएत ताब्यातल्या ल्वुव शहरात पुन्हा भेट झाली. तिथे तो ‘लाल झेंडा’ या सोव्हिएत दैनिकात काम करू लागला, भीतीपोटी. २४ जानेवारी १९४० च्या रात्री एका रेस्तराँमध्ये लेखकांना जेवणाला बोलावले गेले, ठरवून भांडण उकरून काढले गेले आणि त्या गोंधळात व्हात, ब्रोन्येव्स्की, स्टर्न, तादेउश पाइपर अशा लेखकांना पकडले गेले. काही दिवसांत त्याच ‘लाल झेंडा’ने या सहकाऱ्यांना ठेचून काढायच्या राष्ट्रवादी शत्रूंत जमा केले. ज्या भाषेच्या सेवेत त्याने मासिक चालवले होते, त्या भाषेत आता त्याचेच नाव लिहिले गेले होते. एप्रिलमध्ये ओला आणि आन्द्झेय यांना मालगाडीत घालून कझाकस्तानातल्या इव्हानोव्हका या वस्तीत शेतमजुरीला पाठवण्यात आले. जवळजवळ दोन वर्षे नवऱ्याला बायको-मुलाचा आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तुरुंगांचे जे वर्णन व्हातने नंतर केले, त्यात छळाच्या तपशिलांपेक्षा मनाच्या बदलांचे निरीक्षण अधिक आहे. ल्वुवच्या झामार्स्टिनुव तुरुंगात एका लहान कोठडीत माणसे इतकी कोंबलेली की रात्री एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागे. उवा, भूक, दुर्गंधी. तिथे युक्रेनियन शेतकरी, पोलिश अधिकारी, ज्यू व्यापारी, चोर असे सारे एकत्र होते, आणि ‘जनता’ या शब्दावर भाषणे देणाऱ्या संपादकाला जनता प्रथमच अंगाला अंग लावून भेटली. तिथून कीव्हमार्गे तो मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात गेला. तिथे विचित्र शांतता आणि स्वच्छता होती, आणि एक चांगले ग्रंथालय होते. भुकेल्या अवस्थेत त्याने तिथे प्रूस्त वाचला. वर्षानुवर्षे राजकीय मजकूर वाचून थिजलेली वाङ्मयीन जाण परत येत असल्याचे त्याला जाणवले. १९४१ च्या वसंतात कैद्यांना छतावर फिरवत असताना कुठल्याशा रेडिओवरून बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे सूर त्याच्या कानावर पडले. ही आठवण व्हातने अतिशय सावधपणे सांगितली आहे. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे मानवी आवाजाला अर्थ देणारी एक रचना अजून शाबूत आहे, हा त्याला त्या क्षणी बसलेला धक्का होता.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि लुब्यांकातले कैदी साराटोव्हला हलवले गेले. तिथे त्याच्याबरोबर ज्यू कामगार चळवळीचा नेता हेन्रिक एर्लिख होता. एकेकाळचा ‘इझ्वेस्तिया’चा संपादक, जुना बोल्शेविक स्टेक्लोव्हही तिथेच खंगून मरत होता. क्रांतीचा एक जनक क्रांतीच्याच तुरुंगात मरताना पाहणे व्हातसाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठा धडा होता. तिथेच एका रात्री त्याला इतिहासात सैतान प्रत्यक्ष हजर असल्याचा अनुभव आला आणि त्या रात्रीपासून तो स्वतःला ख्रिस्ती समजू लागला, मात्र ज्यूपणा न सोडता. आजारी, उपाशी शरीराला झालेला हा भास होता असे म्हणता येईल. व्हातलाही ही शंका पुरेपूर माहीत होती. तरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की १९२७ च्या कथेतला सैतान बेकार होता, कारण सगळे जग त्याचे काम करत होते. १९४१ मध्ये कवीला तो पुन्हा भेटला तेव्हा जुना विनोद संपला होता. चौदा वर्षांपूर्वीच्या कल्पनेचे उत्तर त्याने आपल्याच पुस्तकाला दिले, म्हणूनच मी या रात्रीला अचानक आलेली धर्मश्रद्धा म्हणत नाही. आधी मोडलेल्या वाक्याला क्रियापद मिळावे तशी ती आली.

पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या जुलै १९४१ च्या सिकोर्स्की–मायस्की करारानंतर पोलिश कैद्यांना माफी मिळाली. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या जनरल आन्देर्सच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये लाखभराहून जास्त माणसे इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांच्यातल्या सुमारे पाच हजार जणांना, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांना, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला. १९४८ पर्यंत ती वसाहत तिथे नांदत होती. ओला आणि आन्द्झेय ज्या हद्दपारीत कझाकस्तानला गेले, त्याच १९४०–४१ च्या हद्दपारीच्या लाटांनी वळिवडेकरांनी पाहिलेली ती माणसेही देशोधडीला लावली होती. व्हात कुटुंब मात्र मागे राहिले. नोव्हेंबर १९४१ मध्ये सुटून तो अल्मा-आट्याला पोहोचला आणि तिथल्या पोलिश प्रतिनिधी कार्यालयात काम करू लागला. पुढे त्याने बायको-मुलाला शोधून काढले. मॉस्कोचे चित्रपट आणि साहित्यविश्व युद्धामुळे त्या शहरात आले होते, तिथे त्याची श्क्लोव्हस्की आणि झोश्चेन्को या रशियन लेखकांशी ओळख झाली. तिथेच, वॉर्साच्या वाळुंजांची आठवण काढत, तो पुन्हा कविता लिहू लागला. मौन सुटले ते असे.

१९४३ साली मॉस्कोने तिथे उरलेल्या पोलिश नागरिकांवर सोव्हिएत पासपोर्ट घेण्याची सक्ती केली. ते घेतले की परतीची वाट बंद. इली नावाच्या छोट्या गावात बहुतांश गरीब ज्यू कारागीर आणि दुकानदार होते, आणि त्यांच्या नकाराचे नेतृत्व व्हातने केले. त्याला गुन्हेगारांच्या कोठडीत टाकले गेले, ओलालाही पकडून मारहाण झाली. त्याच्या आयुष्यातल्या सर्व कृतींत मला ही सर्वांत पूर्ण वाटते. एका छापील कागदावरचे ‘नागरिक’ हे खोटे विधान मान्य करायचे नाही, एवढ्यासाठी तो जिवावर उदार झाला. ज्या तरुणाला शब्दाला अर्थ असणे जाचक वाटत होते, तो आता एका शब्दाच्या अर्थासाठी कोठडीत गेला होता. ही कविता नव्हती, पण पुढच्या सगळ्या कवितेचा पाया तिथे घातला गेला.

१९४६ च्या वसंतात कुटुंब पोलंडला परतले. वॉर्सा उद्ध्वस्त झाले होते, नातलगांपैकी बहुतेक जण जर्मनांनी मारले होते. काही काळ व्हात सरकारी प्रकाशनसंस्थेचा मुख्य संपादक होता. जानेवारी १९४९ मध्ये श्चेचिनच्या लेखक परिषदेत समाजवादी वास्तववाद अधिकृत ठरला आणि त्याचे स्वतःचे लेखन छापून येणे बंद झाले. जानेवारी १९५३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या देठाला झालेल्या इजेमुळे चेहऱ्यात आणि अंगात असह्य वेदना उठत राहिल्या, आणि त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत.

१९५६ च्या राजकीय सैलपणानंतर, १९५७ मध्ये, त्याचा पहिला खरा कवितासंग्रह आला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचे ते पदार्पण तरुण कवींना अचंबित करणारे होते आणि ‘नोवा कुल्तुरा’ साप्ताहिकाचा पुरस्कारही त्याला मिळाला. १९६२ मध्ये भूमध्य सागराकाठच्या कविता प्रसिद्ध झाल्या. या कविता वाचताना १९१९ चा व्हात हरवलेला नाही हे लगेच कळते. स्वप्नांचे तुकडे, एकदम तुटणारी वाक्ये, बायबल आणि ग्रीक पुराणे यांची सरमिसळ, हे सारे तसेच आहे. फरक पडला तो शरीरामुळे. पूर्वीचे विखुरलेपण उतावळ्या उन्मादातून आले होते, आता ते वेदनेच्या लयीतून येते. वेदना थोडी ओसरली की ओळ सुरू होते, ती परतली की ओळ थांबते. एका कवितेत वेदना ही दारे-खिडक्या नसलेली कोठडी बनते. दक्षिण फ्रान्समध्ये लिहिलेल्या एका दीर्घ कवितेत सजीवांना विटलेला कवी दगडांच्या जगात विसावा शोधतो, कारण दगड खोटे बोलत नाही. अशा कवितांत प्रत्येक प्रतिमेला जागा, तारीख आणि देह असतो. शब्द पुन्हा कशाला तरी बांधला गेला आहे, आणि तरीही तो गुलाम नाही. विसाव्या वर्षी हे त्याला साधले नव्हते.

या कवितांपेक्षा व्हातला जगात ओळख मिळवून दिली ती त्याच्या बोलण्याने. १९५९ मध्ये उपचारांसाठी त्याने देश सोडला आणि मग परतलाच नाही. १९६३ च्या अखेरीस बर्कलीच्या स्लाव्ह अभ्यास केंद्राने त्याला बोलावले. वेदनेमुळे तो सलग लिहू शकत नव्हता. तेव्हा केंद्राचे प्रमुख ग्रेगरी ग्रॉसमन यांनी सुचवले की पोलिश कवी चेस्वाव मिवोशने त्याच्याशी बोलावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. १९६५ मध्ये बर्कलीत आणि नंतर पॅरिसमध्ये या बैठका झाल्या. बोलत असताना व्हातला दुखणे विसरता येई. या मुद्रणांतून उतरलेले ‘माझे शतक’ हे पुस्तक १९७७ मध्ये लंडनला निघाले. ते पाहायला तो नव्हता. २९ जुलै १९६७ रोजी पॅरिसजवळच्या आन्तोनी येथे त्याने औषधांचा अतिरेकी डोस घेऊन जीवन संपवले. शेवटच्या कवितांचा मोठा संग्रह १९६८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला.

‘माझे शतक’बद्दल शंका घेणारे म्हणतात की पंचवीस वर्षांनी, वेदनाशामकांच्या अमलाखाली सांगितलेल्या आठवणींवर कितपत विसंबावे? त्यातून पश्चात्तापी माणसाला आपला जुना अपराध मोठा करून दाखवायचा मोह होतो. तपशिलाच्या चुका त्यात असणारच, आणि व्हात जागोजागी स्वतःला अडवून आपली आठवण तपासतो. पण त्याच्या साक्षीचे मोल घटनांच्या यादीत नाही. सोव्हिएत तुरुंगछावणीचे वर्णन पोलिश लेखक गुस्ताव हेर्लिंगने १९५१ मध्येच केले होते, तेही अधिक नेटके. एक सुशिक्षित, संशयी, हुशार मनुष्य खोट्या भाषेत कसा शिरतो आणि तिच्यातून सुटायला त्याला काय काय द्यावे लागते, हे आतून सांगणारी साक्ष मात्र दुर्मीळ आहे. स्टालिनशाहीचे खरे लक्ष्य माणसाच्या आतला माणूस मारणे हे होते, हे त्याचे प्रतिपादन पुढे पूर्व युरोपातल्या असंतुष्टांच्या विचारात मुरले. आणि अपराध फुगवण्याच्या आरोपाला १९३० चा लेख व त्या दशकातले कवितेचे मौन उत्तर देतात. ते कागद त्याने पश्चात्तापाच्या काळात बनवलेले नाहीत.

पोलंडमध्ये हे पुस्तक ऐंशीच्या दशकात भूमिगत आवृत्त्यांतून फिरले, कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते वाचले. अधिकृतपणे ते १९९० मध्ये छापले गेले. मिवोशने त्याच्या कवितांची इंग्रजी भाषांतरे केली आणि लिथुआनियन कवी तोमास व्हेन्क्लोव्हाने १९९६ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. या यशाचा एक दुष्परिणामही झाला. अनेक वाचक व्हातला कैदी म्हणूनच ओळखतात आणि त्याच्या कविता साक्षीच्या तळटिपा म्हणून वाचतात. मला हे अन्यायाचे वाटते. साक्ष देण्याची त्याची पात्रता कवितेतूनच आली होती. शब्दाचा खोटेपणा कानाने ओळखण्याची सवय त्याने वॉर्सात स्वतः शब्द मोडून लावून घेतली होती, नाहीतर ‘लाल झेंडा’च्या संपादकीयातला पोकळपणा त्याला इतक्या बारकाईने सांगता आला नसता. भविष्यवादाने त्याला निराधार केले हे जितके खरे, तितकेच भविष्यवादाने त्याला ऐकायला शिकवले हेही खरे.

आणि या वारशात आणखी एका व्यक्तीचा वाटा आहे, जिचे नाव अनेकदा मागे राहते. व्हातची हस्तलिखिते जपणारी, त्याच्या मृत्यूनंतर त्याचे लेखन प्रकाशात येण्यासाठी वर्षानुवर्षे झटणारी ओला १९९१ पर्यंत जगली. व्हातचे ध्वनिमुद्रित कथन युद्धकाळाच्या मध्येच थांबते. इव्हानोव्हकातली मजुरी, इलीतला पासपोर्टचा लढा, तिथली मारहाण यांची सविस्तर हकिगत तिने लिहिली. तिचे आठवणींचे पुस्तक १९८४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले आणि त्यावरून १९९२ मध्ये रोबेर्त ग्लिन्स्कीने पोलिश चित्रपट केला. तिच्या पानांत भविष्यवाद किंवा सिद्धान्तांची चर्चा फारशी नाही. भाकरी कशी मिळवली, मुलगा आजारी पडला तेव्हा काय केले, चौकशीच्या खोलीत कोण काय म्हणाले, हे तिने नावानिशी आणि ठिकाणानिशी नोंदवले आहे.